दगडबाई आणि नाचणारा डोंगर

मुलीसाठी स्थळ घेऊन येणारी बाई घरात कशी शिरते, ते आठवा. चपला एका रेषेत काढते, पाण्याच्या थंडपणाचं कौतुक करते, भिंतीवरच्या घड्याळाचं करते, आणि घरची माणसं गाफील झाली की हळूच मुद्द्याला हात घालते. दगडबाई अगदी तशाच शिरायच्या. फरक एवढाच, की त्यांच्या पिशवीत मुलाचा फोटो नसे, दगड असत.

त्या दिवशी त्या शिंप्याच्या घरी शिरल्या, पाणी प्यायल्या, घड्याळाचं कौतुक केलं (ते बंद होतं) आणि पिशवी धपकन जमिनीवर ठेवली. शिंप्याची थोरली बहीण दारात उभी होती. घरातल्या मुलीची ही आत्या. तिच्या नजरेतून सुटून त्या घरात माशीही शिरली नव्हती.

"एवढं जड काय आणलंत?"

"दगड."

"आमच्याकडे आहेत की. मागे ढीग पडलाय."

"कसले आहेत ते?"

"टोचणारे," आत्या म्हणाली.

बाईंचा चेहरा उजळला. "वा! टोचतात म्हणजे कडा झिजलेल्या नाहीत. म्हणजे लांबून वाहत आलेले नाहीत, इथलेच आहेत. बघा, तुम्ही अर्धा धडा सांगून मोकळ्या झालात."

आत्याने भावाकडे पाहिलं. वेड्यांच्या दवाखान्याची गाडी बोलवायची असेल तर ती तयार होती.

दगडबाई हे नाव त्यांना महाविद्यालयातल्या दुसऱ्या विषयांच्या लोकांनी चेष्टेने ठेवलं होतं. बाईंनी ते इतक्या आनंदाने घेतलं की चेष्टा करणाऱ्यांचाच हिरमोड झाला. त्या भूगर्भशास्त्र शिकवायच्या. विभाग म्हणजे दोन खोल्या; एका अंगाला सायकलींची शेड आणि दुसऱ्या अंगाला जनरेटर. वीज गेली की जनरेटर सुरू व्हायचा, आणि भूकंपाचा धडा प्रात्यक्षिकासह शिकवता यायचा. घरी नवरा होता, औषधांच्या दुकानात काम करणारा आणि स्वभावाने मलमासारखा. पलंगाखाली, कपाटावर, तांदळाच्या डब्यामागे दगड सापडले तरी तो एवढंच विचारायचा, "हा कामाचा आहे की पाहुणा?"

विभागाच्या भिंतीवर दर वर्षीच्या शिबिराचे फोटो होते. डोक्यावर टोप्या, हातात हातोडे, आणि चेहऱ्यावर हा डोंगर आपणच उभा केल्याचा भाव, अशा मुलांच्या रांगाच रांगा. सगळे मुलगे, सगळे धडधाकट, आणि बहुतेक सगळे अशा घरांतले, जिथे काका नाहीतर मामा आधीच खाणीत साहेब होता. एका फोटोत अगदी कडेला एक मुलगी आहे. फोटोवाल्याने तिचा एक हात आणि अर्धा कान कापलाय. तीच ही दगडबाई.

त्या फोटोपर्यंत बाई पोचल्या त्याही अपघातानेच. वडील नव्हते. आई दवाखान्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची. प्रवेशाच्या दिवशी वनस्पतिशास्त्र घ्यायचं ठरलं होतं, कारण शेजारच्या ताईने तेच घेतलं होतं. वनस्पतिशास्त्राची रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढत चाललेली, आणि शेजारच्या खिडकीवर काळं कुत्रं नव्हतं. आतला कारकून एकटा बसून बसून कंटाळला होता.

"पोरी, पाय दुखत असतील तर इथे घे की प्रवेश," तो म्हणाला. "हाही विषयच आहे."

"ह्यात काय शिकवतात?"

"मला काय ठाऊक? पण सारखे बाहेर जातात एवढं बघतो."

सारखे बाहेर जातात! जिने शाळा, घर आणि दवाखान्याचं मागचं दार यांपलीकडे काही पाहिलं नव्हतं, तिला एवढं कारण पुष्कळ होतं. त्या कारकुनाला बाई आजही मनातल्या मनात नमस्कार करतात. "माझ्यात काही हुशारी दिसली म्हणून नव्हे हं," त्या सांगायच्या. "त्याला कंटाळा आला होता म्हणून. पण विचारलं ना त्याने! आम्हाला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं."

म्हणून नोकरी लागल्यापासून बाई विचारत सुटल्या. ज्या शाळांकडे महाविद्यालयातलं कुणी फिरकत नसे, त्या शाळांत पिशवी घेऊन जायच्या. पहिलाच प्रयोग जिभेचा. चिकणमातीपासून बनलेला एक दगड साबणाने धुऊन आणलेला असायचा. "जीभ लावून बघा. चिकटला, तर आत माती आहे."

"बाई, मुलांना दगड कसले चाटायला लावता?" एका शाळेतल्या मुख्याध्यापिका हादरल्या. "पालक येऊन विचारतील मला."

"त्यांनाही एकेक द्या."

मुलं रांगेने जीभ लावून किंचाळत होती. थोड्या वेळाने दाराआडून मुख्याध्यापिकांचाच बोबडा आवाज आला, "अगोबाई, षिकटला!"

त्या गोंधळात मागच्या बाकावरून एक हात वर झाला. मुलीच्या डाव्या पायात कॅलिपर होता. मांडीपासून बुटापर्यंत दोन लोखंडी सळ्या आणि चामड्याचे पट्टे. लहानपणच्या तापाने त्या पायातली ताकद नेली होती, आणि गुडघ्यापाशी खटका लावला की तो पाय सळईसारखा ताठ राही.

"हे बसून शिकता येतं का?"

बाई खोटं बोलत नसत. "नाही. थोडं बसून, थोडं उभं राहून आणि बाकीचं चढून."

मुलीने क्षणभर विचार केला. आजवर तिला ज्यांनी ज्यांनी काही सुचवलं होतं, त्यांनी ते बसून करण्यासारखं सुचवलं होतं. शिवण, टंकलेखन, लोकरीचं विणकाम, टेलिफोनवर बोलणं.

"मग येते," ती म्हणाली.

आणि म्हणून आज बाई शिंप्याच्या घरात बसल्या होत्या.

"डोंगर?" आत्याचा आवाज वर चढला. "पोरीचा पाय बघितलात का?"

"बघितला की. डोक्यापासून बघत खाली आले, म्हणून पायापर्यंत पोचायला जरा उशीर झाला."

"पडली म्हणजे?"

"पडेल. मीही पडते. न पडलेल्या माणसाला आमच्यात कुणी विचारत नाही."

"आणि पुढे? दगड फोडून पोट भरतं का कुणाचं?"

"पाणी कुठे लागेल ते सांगायला लागतं कुणीतरी. धरण कुठे बांधू नये, ते सांगायला लागतं. घरं कुठे खचतील, ते सांगायला लागतं. जमीन सगळ्यांच्या पायाखाली आहे, आत्याबाई, आणि तिच्याकडे बघणारे बोटावर मोजण्याएवढे. तेही सगळे एकाच छापाचे. दुसऱ्या छापाची माणसं आली, तर निराळं काही दिसेल की नाही?"

शिंपी इतका वेळ तोंडात टाचण्या धरून गप्प बसला होता. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला मत विचारत नाहीत, ही त्याची जुनी युक्ती. बहिणीच्या धाकात राहून त्याने एवढी वर्षं काढली ती टाचण्यांच्या जोरावर. आता त्याने एकेक टाचणी काढून उशीत टोचायला सुरुवात केली. आत्या बघतच राहिली. असं कधी झालं नव्हतं.

"दगड भरायला पिशवी कसली लागते?" त्याने विचारलं.

"जाड कापडाची."

"पट्टा एक की दोन?"

"दोन, बाबा," मुलगी म्हणाली. "हात मोकळे हवेत."

"म्हणजे ठरवूनच मोकळे झालात तुम्ही सगळे!" म्हणत आत्या तरातरा आत गेली. आतून अशी आदळआपट ऐकू आली की बाईंना जनरेटरची आठवण झाली. मग चहा आला. त्यात साखर दुप्पट होती, आणि कप बाईंच्या हातात देताना आत्या हळूच म्हणाली, "पडली, तर उचलायला कुणी असेल ना तिथे?"

बाई आपल्या विद्यार्थ्यांना दगडांचीच नावं ठेवायच्या. सारखी बडबडणारी, एका विषयाचा पापुद्रा काढून दुसऱ्यावर जाणारी एक मुलगी होती, ती अभ्रक. या मुलीचं नाव पडलं गारगोटी. गारगोटीने पोलादावर चरा पडतो, पोलादाने गारगोटीवर पडत नाही. हे नाव का, ते पहिल्या वर्षातच सगळ्यांना कळलं. स्वच्छतागृहाच्या पायऱ्यांना कठडा बसेपर्यंत ती कार्यालयात रोज एक चक्कर मारून विचारून यायची. कठडा बसला. ज्यांचे दोन्ही पाय धड होते, ते सगळे आता तो धरूनच उतरत.

मुलंही उसनं फेडण्यात मागे नव्हती. विभागप्रमुखांना ती हिमनदी म्हणायची. सर उंच, पांढरे आणि सावकाश होते. चालत इतके हळू की सरकताहेत हे खुणेचा खांब रोवल्याशिवाय कळू नये. पण एकदा ज्या दिशेने निघाले, त्या वाटेतलं सगळं खरडत नेत. माणूस वाईट नव्हता. चाळीस मुलांच्या शिबिरात कुणाला खरचटलंही नाही पाहिजे, म्हणून स्वतः आयोडीनची बाटली खिशात घेऊन हिंडणारा माणूस.

तिसऱ्या वर्षी डोंगरावरचं शिबिर आलं. प्रत्येकाने डोंगराचा एक पट्टा पायाखाली घालायचा, खडकांचे थर मोजायचे आणि स्वतः नकाशा काढायचा. हा नकाशा नाही, तर पदवी नाही. सरांनी बाईंना बोलावलं.

"त्या मुलीला आपण प्रयोगशाळेत बसवू. सूक्ष्मदर्शकाखाली दगडांचे काप बघेल. गुणही चांगले मिळतील तिला."

"आणि डोंगर?"

"बाई, मी दुष्ट माणूस नाही."

"तीच तर पंचाईत आहे, सर. दुष्ट असतात तर कधीच भांडून मोकळी झाले असते."

सर सावकाश हसले. मग सावकाश गंभीर झाले. "ठीक आहे. येऊ दे. पण सगळ्यांसारखीच परीक्षा. आधार द्या, मोजमाप कुणी करून द्यायचं नाही. तुम्हीही नाही. आणि नकाशा चुकला, तर तिचं वर्ष जाईल, आणि पुढच्या वर्षापासून मी नियम करणार. तंदुरुस्तीचा डॉक्टरी दाखला असेल, त्यालाच शिबिर. दरवर्षी हा वाद मला झेपायचा नाही."

बाई बाहेर आल्या आणि मनातल्या मनात हजेरी घेऊ लागल्या. पहिल्या वर्षाला दम्याची एक मुलगी होती. दुसऱ्या वर्षाला एका डोळ्याने न दिसणारा एक मुलगा होता. दोघांच्या घरी बाईंनीच घड्याळाचं कौतुक केलं होतं. दाखल्याचा नियम झाला की ज्यांना एवढ्या खटपटीने विचारलं, त्यांच्याच तोंडावर दार लागणार होतं.

गारगोटीचं डोंगर चढणं बघण्यासारखं होतं. सपाटीला ती काठी घेऊन चालायची. चढ उभा झाला की डोंगराकडे पाठ करून बसायची आणि दोन्ही हातांवर अंग उचलून मागच्या मागे एकेक बैठक वर सरकायची. वर जाताना बाकीच्यांना डोंगर दिसायचा, हिला दरी. "सगळ्यात चांगली जागा माझी," ती खालून येणाऱ्यांना ओरडून सांगायची, "तुम्ही सगळे एकमेकांच्या बुडाकडे बघत येताय!" तिची स्वतःची विजार मागून दोनदा फाटली, तेव्हा शिंपीबाबांनी तिथे चामड्याचं ठिगळ लावून पाठवलं. इतकं सुबक, की दुसऱ्या दिवशी वर्गातली आणखी तिघं आपापल्या विजारी घेऊन पत्ता विचारायला आली.

सोबतीला अभ्रक असायची. तिचं काम पिशवी धरणं, हात देणं आणि अखंड बोलणं. मोजायची वेळ आली की ती दोघींचे हातोडे उचलून लांब जाऊन बसायची, कारण थराची दिशा होकायंत्राने मोजतात आणि जवळ लोखंड असलं की होकायंत्राची सुई वेडी होते. "हातोडे लांब!" ही बाईंची आरोळी दिवसभर डोंगरावर घुमायची. खालच्या रस्त्यावरून जाणारा सायकलवालाही दचकून हँडलला हातोडा लटकलाय का ते बघायचा.

प्रत्येक थराच्या दोन गोष्टी मोजायच्या. तो कोणत्या दिशेला धावतो, आणि किती कलतो. पहिलीसाठी चुंबकाची सुई. दुसरीसाठी त्याच यंत्रात एक छोटा काटा असतो, तो ओळंब्यासारखा नुसता लटकतो आणि कल दाखवतो. गारगोटी थरापाशी बसकण मारायची, ताठ पाय बाजूला पसरायची, यंत्र खडकाला लावायची आणि जिभेचं टोक बाहेर काढून आकडा वाचायची. बाई लांबून बघायच्या. जवळ जायची बंदी होती. इकडे बाईंची नखं संपत आली.

शिबिर संपलं, सगळे परत आले आणि नकाशे टेबलावर अंथरले गेले. इतरांच्या नकाशात थर कसे शिस्तीत, एकाला एक लागून, शाळेच्या रांगेसारखे चाललेले. गारगोटीच्या पट्ट्यात शिरल्याबरोबर त्यांचा तोल जायचा. एक इकडे, एक तिकडे, तिसरा दोघांच्या अंगावरून. मुंगीला दारू पाजून कागदावर सोडावं, तसा प्रकार.

"बाई," सर म्हणाले, "हिच्या डोंगरात थर नाचताहेत."

ते आनंदाने म्हणाले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. ते वाईट वाटून म्हणाले.

"एकदा तुमच्यासमोर मोजू दे, सर. एकच दिवस."

सर बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. खुणेचा खांब रोवलेला असता, तर ते अंगुळभर सरकलेले दिसले असते. "चला," ते म्हणाले. "उद्याच चला. पण बाई, तिथेही चुकलं, तर मग मला थांबवू नका."

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये नेहमी दरी बघून ओरडणारी गारगोटी गप्प बसून होती. अभ्रकसुद्धा गप्प होती. म्हणजे गाडीत काहीतरी बिघडलंय की काय, म्हणून ड्रायव्हरने दोनदा मागे वळून पाहिलं.

"बाई," शेवटी गारगोटी म्हणाली, "मला नापास करा. मी पुन्हा बसेन. पण तो दाखल्याचा नियम नको. माझ्यामुळे बाकीच्यांचं कशाला?"

बाईंकडे प्रत्येक प्रसंगाला एक विनोद तयार असे. त्या वेळी त्यांनी नुसता तिचा हात धरला. तळहात घट्टे पडून खडकासारखा झाला होता.

पट्ट्यावरच्या पहिल्याच थरापाशी सर उभे राहिले. त्यांनी वरच्या बाजूने वाकून, आपल्या यंत्राने दिशा मोजली. मग गारगोटी खाली बसली, पाय पसरला आणि मोजलं. दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. तिने पुन्हा मोजलं. आता तिसराच आकडा आला. तिच्या कपाळावर घाम चमकला.

"यंत्र बिघडलं असेल," बाई म्हणाल्या. तिचं यंत्र घेऊन त्या चार पावलं पुढे गेल्या, तोच थर तिथे मोजला. आकडा अगदी सरांसारखा. यंत्र शहाणं होतं. बाईंना वाटलं, ते बिघडलेलं असतं तर आपण त्याचा मुका घेतला असता.

"कल किती मोजलास?" सरांनी विचारलं.

तिने सांगितला. सरांनी पडताळून पाहिला. "हा बरोबर आहे." त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी तिने पूर्वी लिहून आणलेले बाकीचे कल एकेक करून विचारले. सगळे बरोबर. "कल सगळा बरोबर, आणि दिशा सगळी चूक? निष्काळजी माणूस दोन्ही चुकतो."

बाईंच्या डोक्यात काहीतरी हललं, पण हाताला लागेना. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्या माणसासारखं त्यांचं झालं.

"तुझी बसण्याची पद्धत चुकत असेल," सर म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांनी आता परत फिरायला हरकत नव्हती. चुकलं होतं, ठरलं होतं. पण हाडाचा शिक्षक समोर चुकलेलं मूल टाकून जात नाही. पँट सावरत, गुडघ्यांच्या कुरकुरीसकट ते सावकाश खाली बसले. थेट गारगोटीच्या शेजारी, तिच्या पसरलेल्या पायाला लागून. "हे बघ. यंत्र असं धरायचं. हात स्थिर. सुई थांबू द्यायची. मग वाचायचं." आणि त्यांनी मोठ्याने आकडा वाचला.

अभ्रकने वहीत डोकावून पाहिलं.

तो आकडा गारगोटीचा होता.

सरांनी यंत्र हलवलं. काचेवर टिचकी मारली. पुन्हा वाचलं. "अरेच्चा," ते म्हणाले. चाळीस वर्षं डोंगर मोजलेला माणूस, आणि सूर्य भलतीकडे उगवल्यासारखं यंत्राकडे बघत होता. "माझंही चुकतंय!"

गारगोटी त्या सुईकडे एकटक बघत होती. मग तिने दोन्ही हातांनी आपला पाय उचलून जरासा बाजूला सरकवला. सुई वळली. पाय जवळ आणला. सुई पुन्हा त्याच्याकडे आली, मालकाला ओळखणाऱ्या कुत्र्यासारखी.

"सर," ती हळूच म्हणाली, "माझा पाय लोखंडी आहे."

पहिल्यांदा हसली ती अभ्रक. मग बाई. बाईंचं हसणं असं की अंगातले सगळे दगड गडगडत खाली यावेत. "हातोडे लांब, हातोडे लांब!" त्यांना हसता हसता बोलता येईना. "घसा फोडून ओरडत होते मी, आणि हातोड्याहून मोठं लोखंड पोरीच्या पायात! अगं, कल बरोबर येणारच की. तो काटा नुसता लटकतो, त्याला लोखंडाचं काय सोयरसुतक!" डोळे पुसता पुसता त्यांच्या लक्षात आलं, की हे हसण्याचं पाणी नाही.

सर अजून खालीच बसले होते. "चुकीचं काहीच मोजलेलं नाहीस तू," ते गारगोटीला म्हणाले. "सुईने जे दाखवलं, तेच प्रामाणिकपणे लिहिलंस. इथे दुसरा कुणी असता, तर शेजाऱ्याचे आकडे बघून आपले गुपचूप सरळ केले असते." मग त्यांनी हात पुढे केला. "आता मला जरा उठव."

आणि कॅलिपरवाल्या मुलीने, खटका लावून, काठी रोवून, विभागप्रमुखांना उठवलं.

पट्टा नव्याने मोजावा लागणार होता. त्यासाठी सरांनी आणखी दिवस दिले, आणि कुणी न सांगता रोज स्वतःही आले. नवी पद्धत अशी ठरली. गारगोटीने थरापाशी बसायचं, पट्टे सोडून कॅलिपर उतरवायचा. अभ्रकने हातोडे घेऊन एका बाजूला जायचं. कॅलिपर घेऊन दुसऱ्या बाजूला जायला एक माणूस कमी पडत होता; तो सरांनी भरून काढला. तो लोखंडी पाय ते तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांवर घेऊन उभे राहायचे.

"इथे ठीक आहे?" ते विचारायचे.

"अजून लांब, सर!" गारगोटी ओरडायची.

"इथे?"

"अजून! सर, खिशातल्या किल्ल्या पण!"

सर निमूटपणे आणखी मागे जायचे. इकडे सुई शहाण्या मुलासारखी उभी राहायची, आणि एकेक थर नाचायचा थांबून शेजाऱ्याच्या रांगेत जाऊन बसायचा. नकाशा पुरा झाला. फार देखणा नव्हता. रंग भरण्यात गारगोटी पहिल्यापासून कच्ची. पण बरोबर होता, आणि परीक्षेला तेवढंच लागतं. दाखल्याच्या नियमाविषयी सर पुन्हा काही बोलले नाहीत. शिबिराच्या सूचनांत मात्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: शिबिराला सर्वांनी यावे, मोजण्यापूर्वी प्रत्येकाने आपापले लोखंड दूर ठेवावे. दम्याची मुलगी आपल्या तिसऱ्या वर्षी औषधाचा पंप घेऊन डोंगरावर गेली, आणि एका डोळ्याचा मुलगा लांबच्या खुणेवर नेम धरायला यंत्र डोळ्याशी धरताना बाकीच्यांसारखा दुसरा मिटत बसत नाही, म्हणून सगळ्यांच्या आधी मोजून मोकळा होऊ लागला.

पण ते पुढचं. नव्या मोजणीच्या शेवटच्या दिवशी बाई सरांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. सरांच्या हातावर कॅलिपर होता. खाली गारगोटी खडकाला नाक लावून आकडा वाचत होती, जिभेचं टोक बाहेर काढून. इतकी वर्षं बाईंनी या माणसाशी भांडायला किती वाक्यं घोटून ठेवली होती, त्याला गणती नाही. त्यातलं एकही आज उपयोगाचं नव्हतं.

"सर, तुमचे आभार मानायचे आहेत," त्या म्हणाल्या.

सर दचकले. बाईंकडून असं ऐकायची सवय नव्हती. "कशाबद्दल?"

"चुकल्याबद्दल."

"म्हणजे?"

"तुम्ही खाली बसला नसतात, तर चुकला नसतात. आणि तुम्ही चुकला नसतात, तर पोरगीच चुकीची ठरली असती. माझीही काही बोलायची टाप नव्हती त्या दिवशी."

सरांच्या हातातल्या लोखंडाचा एक पट्टा सुटून लोंबत होता, तो त्यांनी काळजीपूर्वक बांधला. खालून गारगोटीने आकडा ओरडून सांगितला. तिकडून अभ्रकने तो लिहिल्याचं, आणि शिवाय आपल्याला भूक लागल्याचं, ओरडून सांगितलं.

"बाई," सर म्हणाले, "पुन्हा कधी असं चुकायची गरज पडली, तर सांगा. येत जाईन."